भाजक

तार्तूत, तिसऱ्या मजल्यावर, हीटरला पाठ लावून
मी लोकांच्या चुका वाचते.
पगार त्याचाच मिळतो.

कुणी लिटरच्या रकान्यात लिहितं ‘दोन कॅन आणि थोडं’,
कुणी तारखेच्या जागी ‘काल’.
ओर्वी नावाची एक बाई फॅटचा आकडा
चार, स्वल्पविराम, एक असा देते, शाळेत शिकवला तसा,
आणि माझा प्रोग्रॅम, ज्याला फक्त टिंब कळायचं,
चारावरच थांबायचा,
तिच्या सायीचा एक दशांश गिळून टाकायचा.
ते मी गेल्या हिवाळ्यात दुरुस्त केलं.
आता टिंब चालतं, स्वल्पविराम चालतो,
आकड्याच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा झटकून घेते,
उंबऱ्यात बुटांवरचा बर्फ झटकावा तशी.

लाल अक्षरंही मऊ केली.
आधी होतं: ‘अवैध नोंद’.
दूध घालणाऱ्या माणसाला भल्या पहाटे अवैध म्हणायचं?
आता आहे: ‘हा आकडा आम्हाला वाचता आला नाही. पुन्हा लिहाल का?’
आमचा तार्मो म्हणाला, फार लांब आहे.
राहू दिलं.

मग नोव्हेंबरची यादी लागली.
सारेमा बेटावरचे गोठे, गायीमागे सरासरी दुधाप्रमाणे,
उतरत्या क्रमाने.
पहिला: हेल्दुर पिह्लाकास.
सरासरी: अनंत.

आडवा पडलेला आठ. मी आधी हसले.
डेअरीतून कुणीतरी त्याला अभिनंदनाचा फोनही केला होता.

नोंद उघडली.
महिन्याचं दूध, चारशे बारा लिटर.
महिनाअखेर दुभत्या गायी, शून्य.
यंत्राने भाग लावला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं
की काही ठिकाणी भाग लावायचा नसतो.
मी रिकामा रकाना अडवला होता,
उणे आकडा अडवला होता, अक्षरं, दोन-दोन टिंबं,
चुकून चिकटवलेला फोन नंबर;
चोर जिथून येतील ती सगळी दारं धरून उभी होते
आणि शून्य पुढच्या दाराने,
बेल वाजवून, नीट आत आलं.

फोन केला. शून्य चुकून पडलंय का, विचारलं.
‘नाही,’ तो म्हणाला. ‘दोनदा मोजलं.’
मागे रेडिओ चालू होता, बोटींसाठीचं हवामान.
एकोणीस तारखेला ट्रक आला, शेवटच्या तिघी चढल्या.
गुडघे, म्हणाला. माझे. त्यांचे ठीक होते.
मी माफी मागितली.
‘कशाची? पहिला नंबर आयुष्यात कधी आला नव्हता.’

दुरुस्ती एका ओळीची:
भाजक शून्य असेल तर भागू नकोस.
पण मग त्या जागी दाखवायचं काय,
यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.
‘त्रुटी’ लिहिलं, खोडलं. त्रुटी त्याची नव्हती.
‘लागू नाही’ लिहिलं. त्याला तर ते सगळ्यांत जास्त लागू होतं.
सरासरी शून्य? तेही खोटं,
दूध आलं होतं, एकोणीस दिवस, वेळेवर.
तार्मो कोट चढवत म्हणाला, एक आडवी रेघ टाक आणि घरी जा.
रेघ टाकली.

हातचा म्हणून काही उरलं असेल तर एवढंच,
की डिसेंबरात, जानेवारीत, परवा फेब्रुवारीत,
कुणी मागितला नसतानाही त्याचा फॉर्म येतो.
दूध शून्य. गायी शून्य.
सगळ्या तपासण्यांतून पार, एकही लाल अक्षर नाही.
मी फक्त नोंदीची वेळ पाहते.
पहाटेचे पाच वीस.
कधी पाच अठरा.